विकायची गाडी दारात उभी असताना तिचा विमा: कागदांच्या तपासणीपासून नो क्लेम बोनसच्या पत्रापर्यंत

घरात नवी गाडी येते, मुले परगावी जातात किंवा वडिलांच्या पश्चात त्यांची गाडी चालवणारे कोणी उरत नाही, आणि एक गाडी जादा होते. ती विकायची असे ठरते, पण मनासारखे गिऱ्हाईक मिळेपर्यंत कधी दोन महिने जातात, कधी सहा. या मधल्या काळात विम्याच्या बाबतीत दोन चुका वारंवार होताना दिसतात. गाडी उभीच आहे म्हणून पॉलिसीची मुदत संपू दिली जाते, ही पहिली. पैसे खात्यात आले आणि किल्ली दिली की त्याच संध्याकाळी पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज केला जातो, ही दुसरी. गाडी चालवणे थांबले की जबाबदारीही थांबली, असे दोन्ही वेळा गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ती जबाबदारी आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, नावाला चिकटलेली असते आणि ते नाव बदलेपर्यंत सुटत नाही. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. हे सर्व विवेचन खासगी वापराच्या, पांढऱ्या पाटीच्या चारचाकीसाठी आहे.

टप्पा १: कागद समोर घ्या, नाव आणि तारखा जुळवा

आरसी, चालू पॉलिसी, त्याआधीच्या वर्षाची पॉलिसी, पीयूसी, कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या एका जागी आणाव्यात. जाहिरात देण्याआधी हे काम उरकावे, कारण यातली एखादी त्रुटी दुरुस्त व्हायला काही आठवडे लागतात आणि तोपर्यंत आलेले गिऱ्हाईक थांबत नाही.

पहिली जुळणी नावाची. आरसीवरचे नाव आणि पॉलिसीवरचे नाव एकच असले पाहिजे. नवऱ्याच्या नावावर आरसी आणि बायकोच्या नावावर पॉलिसी, अशी जोडी अनेक घरांत सापडते, कारण ऑनलाइन नूतनीकरण करताना ज्याचा मोबाइल हातात होता त्याचे नाव टाकले गेलेले असते. हप्ता नियमित भरलेला असला तरी अशा पॉलिसीवर गाडीच्या नुकसानीचा दावा करताना अडचण येते, कारण ज्याचे नुकसान झाले तो आणि ज्याच्याशी करार झाला तो, या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात. कंपनीला लेखी अर्ज देऊन आणि आरसीची प्रत जोडून ही दुरुस्ती आजच मागावी.

दुसरी जुळणी इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक यांची. अंक एकेक करून वाचावेत. गाडीला नंतर सीएनजी किट बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे हवी.

तिसरी जुळणी तारखांची, आणि येथेच सर्वांत जास्त गफलत होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी गाडी घेताना थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची वा नुकसानीची भरपाई देणारा विमा, एकदम ३ वर्षांचा काढावा लागतो, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, ज्याला पॉलिसीवर ओन डॅमेज म्हटलेले असते, तो बहुधा १ वर्षाचाच असतो. त्यामुळे एकाच कागदावर दोन वेगळ्या मुदती छापलेल्या असतात. लांबची तारीख वाचून मालक निर्धास्त राहतो आणि चोरीचे किंवा पुराचे संरक्षण केव्हाच संपलेले असते. दोन्ही तारखा वेगळ्या लिहून काढाव्यात आणि मोबाइलमध्ये त्या तारखांच्या महिनाभर आधीची आठवण लावावी.

आरसीवर बँकेचा बोजा असेल आणि कर्ज फिटले असेल, तर बँकेकडून ना हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन बोजा आताच उतरवावा. बोजा उतरल्यावर पॉलिसीवरचे बँकेचे नावही काढून घ्यावे लागते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ते नाव तसेच राहिले तर गाडी पूर्ण नष्ट झाल्यास किंवा चोरीला गेल्यास भरपाईची रक्कम बँकेच्या संमतीवाचून हाती येत नाही.

*गाडी दिवंगत व्यक्तीच्या नावावर असेल तर*

यासाठी वेगळी आणि घट्ट मुदत आहे. पॉलिसीधारकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी लगेच संपत नाही. मृत्यूच्या तारखेपासून ३ महिने किंवा पॉलिसीची मूळ मुदत, यांपैकी जे आधी येईल तोवर ती चालू राहते. या काळात वारसाने मृत्यूचा दाखला, वारसा हक्काचा पुरावा आणि पॉलिसी जोडून ती आपल्या नावावर करून घ्यावी किंवा नवी पॉलिसी काढावी. आरटीओकडेही हेच वेळापत्रक आहे: ३० दिवसांत मृत्यूची कल्पना द्यायची आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची. गाडी विकायचीच आहे, मग मधेच आपल्या नावावर कशाला करायची, असा विचार करून कुटुंबे थांबतात. तसे थांबू नये. मृत व्यक्तीच्या नावाने सही करून गाडी विकता येत नाही, आणि मृत व्यक्तीच्या नावाने परस्पर नूतनीकरण केलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी टिकत नाही.

वारसांमध्ये पती किंवा पत्नी, मुले अथवा आईवडील असतील आणि गाडी त्यांच्या ताब्यात आली असेल, तर दिवंगत व्यक्तीचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यांना मिळू शकतो. तो अर्जात स्पष्ट मागावा लागतो.

तपासा: आरसी आणि पॉलिसीवर नाव, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक व बोजाची नोंद तंतोतंत सारखी आहे का? थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज या दोन्हींच्या अखेरच्या तारखा तुम्ही वेगवेगळ्या लिहून ठेवल्या आहेत का?

टप्पा २: उभ्या गाडीला कोणता विमा हवा ते ठरवा

थर्ड पार्टी विम्याच्या बाबतीत ठरवण्यासारखे काही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची तर तो लागतोच, आणि तो नसल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या वेळी ४,००० रुपये दंड अशी तरतूद आहे.

‘आमची गाडी वापरातच नाही’ हा युक्तिवाद वाटतो तेवढा भक्कम नाही. १९८७ साली सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन उलटलेल्या पेट्रोलच्या टँकरचा काही तासांनी स्फोट झाला. टँकर त्या वेळी चालत नव्हता, तरीही तो ‘वापरात’ होता, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली या प्रकरणाच्या निकालात मानले. घराबाहेर गल्लीत लावलेल्या गाडीने उतारावर हँडब्रेक सोडला, किंवा शॉर्टसर्किटने पेट घेऊन शेजारची वाहने जाळली, तर जाब मालकालाच द्यावा लागतो. थर्ड पार्टी विमा इजा आणि मृत्यूच्या भरपाईला मर्यादा न ठेवता संरक्षण देतो, तर परक्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी ७.५ लाख रुपयांपर्यंत.

खर्चही मोठा नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी गाडीचा एका वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये असा ठरवला गेला. जीएसटी त्यावर वेगळा. हा दर सरकारी अधिसूचनेने ठरतो, म्हणून कंपनी बदलून त्यात बचत होत नाही. पैसे भरण्यापूर्वी चालू दर मात्र पाहून घ्यावा.

खरा निर्णय ओन डॅमेजचा असतो. लोक ज्याला ‘फुल विमा’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात त्या पॉलिसीत थर्ड पार्टीबरोबर गाडीची चोरी, आग, पूर, वादळ, झाड पडणे, दंगल आणि कोणी मुद्दाम केलेली नासधूस यांचे संरक्षण असते. उभ्या गाडीला नेमके हेच धोके जास्त असतात. अपघाताची शक्यता कमी झाली म्हणून ओन डॅमेज काढून टाकणे हा हिशेब त्यामुळे अर्धाच ठरतो. गाडी बंद गॅरेजमध्ये आहे की पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, की रस्त्याच्या कडेला जुन्या गुलमोहराखाली, हे आधी पाहावे. कोल्हापूर, सांगली, चिपळूण किंवा मुंबईच्या सखल भागात मे महिन्यात गाडी विकायला काढणाऱ्याने ती ऑगस्टपर्यंत उभी राहील असे धरूनच निर्णय घ्यावा.

दुसरा निकष गाडीच्या किमतीचा. विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिला आयडीव्ही म्हणतात. ठरलेल्या घसारा तक्त्यानुसार १ ते २ वर्षांच्या गाडीला २० टक्के, २ ते ३ वर्षांच्या गाडीला ३० टक्के, ३ ते ४ वर्षांना ४० टक्के आणि ४ ते ५ वर्षांना ५० टक्के घट धरली जाते. ५ वर्षांपुढे ही किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढण्याचा मोह टाळावा. गाडी ३ लाखांना विकायला काढली आहे आणि आयडीव्ही १ लाख ८० हजार धरला आहे, अशा स्थितीत गाडी चोरीला गेली तर १ लाख २० हजारांची तूट तुमची. उलट, गाडी इतकी जुनी असेल की तिला लाखभरही कोणी देणार नाही, तर केवळ थर्ड पार्टीवर राहणे समजण्यासारखे आहे.

तिसरा निकष नो क्लेम बोनसचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. दावा न केलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेजच्या हप्त्यावर अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट मिळत जाते. ही सूट गाडीची नसून पॉलिसीधारकाची असते आणि जुनी गाडी विकल्यावर ती त्याच्या दुसऱ्या गाडीला लावता येते. मात्र ओन डॅमेजची मुदत संपून ९० दिवस उलटले की त्या गाडीच्या नूतनीकरणात बोनस मिळत नाही. समजा तुमचा बोनस ५० टक्के आहे आणि नव्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता २०,००० रुपये येतो. तेव्हा हा बोनस १०,००० रुपयांचा आहे. जुन्या हॅचबॅकचे तीन-चार हजारांचे ओन डॅमेज वाचवण्यासाठी तो धोक्यात घालणे परवडत नाही.

मधले काही मार्गही आहेत. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने किलोमीटरवर आधारित ओन डॅमेज आणि एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी एकत्रित पॉलिसी देण्यास परवानगी दिली. वर्षाला जेमतेम हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला किलोमीटरवर आधारित पॉलिसी स्वस्त पडू शकते, परंतु मर्यादा ओलांडल्यावर अपघाताच्या दाव्याचे काय होते ते अटींमध्ये वाचल्याशिवाय घेऊ नये. थर्ड पार्टीला फक्त आग आणि चोरीची जोड देण्याची, तसेच सलग दोन महिन्यांहून अधिक काळ गॅरेजमध्ये पडून राहणाऱ्या गाडीसाठी पॉलिसीवर तसा शेरा मारून घेण्याची सोय जुन्या दरपत्रकात आहे. ऑनलाइन संकेतस्थळांवर हे पर्याय सहसा दिसत नाहीत. शाखेत लेखी विचारावे. असा शेरा लागू असताना कंपनीची अपघाताची आणि थर्ड पार्टीची जबाबदारी स्थगित असते. त्यामुळे गिऱ्हाईकाला एक चक्कर मारायला दिली तरी गाडी विमाहीन असते, हे ध्यानात ठेवावे.

टप्पा ३: मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करा

दोन-तीन महिन्यांपुरती पॉलिसी आपल्याकडे सहसा मिळत नाही. म्हणून वर्षाची घ्यावी आणि न वापरलेल्या मुदतीचे काय करायचे ते सातव्या टप्प्यात पाहावे. नूतनीकरणाच्या आधी पीयूसी चालू करून घ्यावी.

हप्त्याच्या तपशिलात मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची ओळ शोधावी. हा १५ लाखांचा विमा सक्तीचा आहे, पण तो मालकासाठी असतो, प्रत्येक गाडीसाठी नव्हे. तुमच्या दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत तो आधीच असेल, किंवा निदान १५ लाखांचा स्वतंत्र अपघात विमा असेल, तर तसे जाहीर करून या गाडीवर तो नाकारता येतो. बहुतेक घरे दोन्ही गाड्यांवर त्याचे पैसे भरत राहतात. मात्र दोन्ही गाड्या एकाच व्यक्तीच्या नावावर असतील तरच ही सवलत लागू होते.

जोडसंरक्षणांपैकी पाणी भरणाऱ्या भागात इंजिनसंरक्षण ठेवण्यासारखे आहे. टायर, किल्ली हरवणे, रस्त्यावरची मदत यांसारखी कलमे विकायच्या गाडीसाठी सोडून देता येतात.

पॉलिसी आधीच संपली असेल तर गाडी जागची हलवू नये. थर्ड पार्टी विमा पाहणीशिवाय मिळतो. ओन डॅमेज पुन्हा हवे असेल तर कंपनी गाडीची पाहणी करते, बहुधा मोबाइलवर चित्रफीत काढून घेऊन. ही चित्रफीत दिवसाच्या उजेडात, गाडी धुतल्यावर आणि असलेले ओरखडे न लपवता काढावी. लपवलेला जुना पोचा पुढच्या दाव्यात हटकून निघतो.

सावधान: पैसे भरले त्या क्षणापासून संरक्षण सुरू झाले असे धरू नये. पॉलिसीवर छापलेली सुरुवातीची तारीख आणि वेळ वाचावी, आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

टप्पा ४: गाडी उभी असेपर्यंत दावा टिकेल अशी ठेवा

चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक किल्ली शेजाऱ्याकडे, एक वॉचमनकडे आणि एक एजंटकडे, अशी वाटणी झाली की निष्काळजीपणाचा मुद्दा निघतो. किल्ली कोणाकडे दिली, केव्हा दिली आणि केव्हा परत आली, याची साधी नोंद वहीत ठेवावी. महिन्यातून एकदा गाडीचे चारही बाजूंनी आणि किलोमीटर दाखवणारे छायाचित्र काढावे.

पार्किंगमध्ये पाणी शिरले असेल तर इंजिन चालू करू नये. पाणी गेलेल्या इंजिनला स्टार्टर मारल्याने होणारे नुकसान साध्या पॉलिसीत पुराचे नुकसान मानले जात नाही आणि तो वाद मालकाच्या विरोधात जाण्याचा संभव मोठा असतो. बॅटरीची तार सोडावी, छायाचित्रे घ्यावीत, कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि गाडी टो करून न्यावी. उंदरांनी वायरिंग कुरतडणे ही उभ्या गाडीची नेहमीची तक्रार आहे. ते नुकसान पॉलिसीत बसते का, हे कंपनीला आधीच विचारून उत्तर ई-मेलवर घ्यावे.

लहानसहान पोच्यासाठी दावा करण्यापूर्वी हिशेब करावा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यातून सक्तीने १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये वजा होतात, घसारा वेगळा कापला जातो, आणि विक्रीच्या तोंडावर बोनस जातो.

टप्पा ५: गिऱ्हाईकाला दाखवणे आणि डीलरकडे ठेवणे

घरी येऊन गाडी पाहणाऱ्या गिऱ्हाईकाने तुमच्या परवानगीने, वैध परवान्यासह आणि तुम्हाला शेजारी बसवून चालवली तर खासगी पॉलिसीचे संरक्षण सहसा अबाधित राहते. मूळ परवाना किंवा डिजिलॉकरमधली प्रत पाहावी, छायाचित्र घ्यावे, मगच किल्ली द्यावी. शिकाऊ परवानाधारकाला नकार द्यावा. ‘मेकॅनिकला दाखवून आणतो’ म्हणणाऱ्याबरोबर स्वतः जावे.

डीलरच्या आवारात ‘लावा आणि विका’ पद्धतीने गाडी ठेवण्याची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. खासगी पॉलिसीच्या वापराच्या अटींमध्ये मोटार व्यवसायाशी संबंधित वापर वगळलेला असतो. तुमची गाडी डीलरच्या माणसाने चार गिऱ्हाइकांना फिरवून दाखवली, तर ती तुमच्या पॉलिसीच्या कक्षेबाहेर गेली असे कंपनी म्हणू शकते. आणि आरसीवर नाव तुमचेच असल्याने अपघातग्रस्ताची नोटीस तुम्हाला येते.

यावर १ एप्रिल २०२३ पासून कायद्याने तोडगा दिला आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकृत डीलरचे प्रमाणपत्र घ्यायचे असते, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा असतो. त्यानंतर तो डीलर मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, ठरतो. त्याने ती गाडी चाचणी, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणायची असते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची असते.

डीलरला किल्ली देण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा. त्याच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि मुदत पाहावी. फॉर्म २९सीची नोंद झाल्याची पावती हाती घ्यावी. त्याच्याकडे व्यवसायाचा मोटार विमा आहे का, ते पाहून त्याची प्रत ठेवावी. किलोमीटर लिहून घेऊन ताबापावतीवर तारीख आणि वेळ टाकावी. ‘आमच्याकडे असे काही लागत नाही, सगळे विश्वासावर चालते’ असे उत्तर मिळाले तर गाडी परत घरी आणावी.

सावधान: २९सी भरल्यावरही स्वतःची पॉलिसी रद्द करू नये. डीलरने गाडी परत दिली तर तुमची जबाबदारी पुन्हा सुरू होते, आणि मधे खंड पडला की ओन डॅमेजसाठी पाहणीपासून सुरुवात करावी लागते.

टप्पा ६: व्यवहाराचा दिवस

इसार घेताना लिहून द्यावे की विम्याचे हस्तांतर कोण, कोणत्या खर्चाने आणि किती दिवसांत करणार. बाकीच्या गोष्टींवर तास घालवणारे लोक या एका ओळीवर गप्प असतात.

व्यवहाराच्या दिवशी फॉर्म २९ (विक्रीची सूचना) आणि फॉर्म ३० (मालकी हस्तांतराचा अर्ज) पूर्ण भरून सह्या कराव्यात. घेणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरी ठेवलेल्या फॉर्मवर सही करणे हीच पुढच्या बहुतेक खटल्यांची सुरुवात असते, कारण गाडी त्या कोऱ्या फॉर्मांसकट तिसऱ्या-चौथ्या माणसाकडे जाते आणि आरसीवर तुम्हीच राहता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची असते. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र लागते. गाडीची नोंद १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, बसवलेली असावी, आणि थकलेली ई-चलाने भरलेली असावीत. एरवी हस्तांतराचे काम खोळंबते.

डिलिव्हरी नोटवर दिवसाबरोबर वेळही लिहावी, उदाहरणार्थ ‘सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी, ६२,४१० किलोमीटरवर गाडी ताब्यात दिली’. दोघांच्या सह्या, ओळखपत्रांच्या प्रती आणि दोन साक्षीदार घ्यावेत. फास्टॅग काढून बंद करावा.

तपासा: फॉर्म २९ आणि ३० आरटीओकडे दाखल झाल्याची पावती तुमच्याकडे आहे का? ‘उद्या एजंटकडे देतो’ ही पावती नव्हे.

टप्पा ७: आरसी बदलल्यावरच पॉलिसीला हात लावा

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधील नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईच्या दायित्वासाठी मालक. मधल्या हस्तांतराचे कागद आरटीओत न पोचल्याचा भार जखमी माणसावर टाकता येत नाही. म्हणून किल्ली दिल्यावर पॉलिसी रद्द करणे हा अतिशय घातक निर्णय आहे. आरसीवर नाव तुमचे, गाडी दुसऱ्याच्या हाती आणि विमा कोणाचाच नाही, अशी अवस्था तुम्ही स्वतःच्या सहीने निर्माण करता.

सरकारच्या ‘वाहन’ या संकेतस्थळावर नवे नाव दिसू लागल्यावर दोन मार्ग उरतात.

पहिला मार्ग पॉलिसी गाडी घेणाऱ्याच्या नावावर करण्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप जाते, पण ओन डॅमेज जात नाही. त्यासाठी घेणाऱ्याने हस्तांतरापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. बोनस तुमचा असल्याने त्यामुळे मिळालेल्या सवलतीच्या फरकाची रक्कम घेणाऱ्याला भरावी लागते. ही गोष्ट त्याला आधी सांगावी, म्हणजे नंतर कुरबुर होत नाही.

दुसरा मार्ग पॉलिसी रद्द करून परतावा घेण्याचा. तो घेणाऱ्याने स्वतःची पॉलिसी काढल्यावरच खुला होतो, कारण गाडीचा दुसरीकडे निदान थर्ड पार्टी विमा असल्याचा पुरावा कंपनी मागते. २०२४ च्या नियमांनुसार ग्राहकाला कारण न देता पॉलिसी रद्द करता येते, आणि वर्षात दावा झाला नसेल तर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो. अर्जाला नवी आरसी, घेणाऱ्याच्या पॉलिसीची प्रत आणि स्वतःच्या बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश जोडावा.

दोन्ही मार्गांत शेवटचे काम एकच: नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचे पत्र कंपनीकडून घेणे. त्यासाठी विक्रीचा पुरावा, म्हणजे नव्या नावाची आरसी किंवा आरटीओची पावती, आणि मागच्या पॉलिसीची प्रत द्यावी लागते. बोनस ३ वर्षांच्या आत त्याच पॉलिसीधारकाच्या दुसऱ्या खासगी गाडीला लावता येतो, कंपनी वेगळी असली तरी.

येथे एक प्रकार नेमका टाळावा. नवी गाडी घेताना शोरूममधील मंडळी जुनी गाडी विकल्याचे कागद आधीच रंगवून तिचा बोनस नव्या गाडीला लावून देतात, आणि जुनी गाडी त्याच बोनससह घरी उभी राहते. एकच बोनस दोन गाड्यांवर चालत नाही. चुकीची घोषणा उघडकीस आली की नव्या गाडीचा ओन डॅमेजचा दावा नाकारला जाऊ शकतो. जुनी गाडी विकेपर्यंत नवीचा विमा बोनसशिवाय घ्यावा, आणि विक्रीनंतर पत्र मिळाले की पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ते लावून घ्यावे. पत्राची मूळ प्रत नव्या गाडीच्या कागदांबरोबर ठेवावी आणि नूतनीकरणाच्या दरपत्रकात बोनसची टक्केवारी पत्राशी जुळते की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे.